बारा सतराचा मुहूर्त

माझं लग्न मुहूर्तावर लागलेलं नाही.

अकरा मिनिटं उशिरा लागलं. तेही मुद्दाम. हे दोनच माणसांना पक्कं माहीत होतं. एक मी.

दुसरे परवा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. माझे नाना, बाबांचे थोरले भाऊ. पंच्याऐंशी पार, ताटात आंबा, तक्रार शून्य. असं मरण मलाही चालेल.

आमच्या कापडे गावात त्यांना सगळे घड्याळवाले नाना म्हणायचे. मुंबईत फोर्टला एका दुकानात आयुष्यभर घड्याळं रिपेर केली, मग गावी येऊन भातशेती.

स्वतःचं घड्याळ एकच. चावीचं. भंगारात निघालेल्या दोन घड्याळांतून जोडलेलं, एकाची केस, दुसऱ्याची मशीन. पांढरी डायल, आकड्यांच्या जागी बारीक रेघा, दोन काटे. दोन-तीन नाणी एकावर एक ठेवावीत एवढीच जाडी.

लहानपणी मी विचारलं होतं, "नाना, सेकंदकाटा तुटला काय?"

"नव्हताच गो. हे नटूनथटून जायचं घड्याळ हाय. मनगटावर हाय ते बाहीला पण कळता नये."

मूड असला की मागचं झाकण उघडून आतलं दाखवायचे. केसाहून बारीक स्प्रिंग आणि तिच्या जोरावर इकडून तिकडे डुलणारं चक्र. "ही बालकमानी. हिच्यावर फुंकर पण मारायची नाय." आणि काटा कधी उलटा फिरवायचा नाही, मशीन दुखावते. एकदा माझ्या चुलतभावाने फिरवला तर त्याच्या पाठीत असा धपाटा बसला की अजून सांगतो.

रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना वेळ जुळवायची, घड्याळ हातातून काढून चावी द्यायची. त्यामुळे आसपासच्या प्रत्येक लग्नात भटजी नानांनाच विचारायचे, "नाना, किती झाले?"

नाना भटजींच्या शेजारी उभे. नजर डायलवर, एक बोट वर. बोट खाली आलं की शेवटच्या अक्षता.

मोबाइल आले तरी हा मान नानांचाच. आणि नानांना त्याचा काय तोरा होता म्हणून सांगू!

आता मामा.

मी सातवीत असताना बाबा गेले. त्यानंतर भोरहून वरंधा घाट उतरून मामा दर रविवारी यायचा. माझी सायकल, माझं गॅदरिंग, माझं अॅडमिशन, सगळीकडे मामा.

मामाचं आणि नानांचं मात्र जमायचं नाही. मामाच्या हातात सेलवरचं भलंमोठं घड्याळ, आत आणखी तीन छोटी घड्याळं.

"तवा बांधून आलाय बघ," नाना म्हणायचे.

"नानांचं घड्याळ रोज उठवायला लागतं," मामा म्हणायचा.

एवढंच बोलणं. तेही माझ्यामार्फत.

माझं लग्न घरासमोरच्या मांडवात होतं. मुहूर्त बारा सतरा. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मला दुसरं काही नको होतं, तो तिथे हवा होता.

आणि घाटात ट्रक आडवा.

मामा कुणाच्या तरी बाइकवर मागे बसून निघाला. बाराला घरच्या लँडलाइनवर त्याचा फोन आला तेव्हा महाडच्या पुढे होता. आम्ही अंतरपाटाशी उभे राहिलो, मंगलाष्टकं सुरू झाली, माझ्या मागची जागा रिकामीच.

आई नानांच्या कानाशी आली. "भावोजी, दादा पोलादपुरात पोचलाय."



मी मान खाली घालून उभी. नवरीला दिसतात ती पावलं आणि मनगटं. तेवढ्यात मला दिसलं, नानांनी दोन बोटांनी चावी ओढली आणि मिनिटकाटा उलटा फिरवला.



"नाना, किती झाले?" भटजी.

"बारा सहा."

नवऱ्याकडचे मुंबईचे काका मोबाइल नाचवत पुढे आले. "अहो, बारा सतरा झाले की."

"मोबाइल टॉवरवर चालतो पाव्हणे. आमच्याकडे टॉवर कुठाय?"

भटजींनी एकदा नानांकडे बघितलं, एकदा माझ्या मागच्या रिकाम्या जागेकडे. मग बायकांना म्हणाले, "अजून कोणाला मंगलाष्टक म्हणायचंय?"

चार जणी तयारच होत्या.

चौथीचं संपत आलं तेव्हा मागून धापा ऐकू आल्या आणि माझ्या खांद्यावर घामेजला हात पडला. मी तिथेच रडले. लोकांना वाटलं, सासरी जाणार म्हणून.

नानांचं बोट खाली आलं.

पुढच्याच महिन्यात भावकीतलं लग्न होतं. मी दासगावहून, सासरहून गेले होते. भटजींनी सवयीने विचारलं, "नाना, किती झाले?"

"मोबाइल बघा भटजी. या घड्याळाचा आता भरवसा नाय."

लोक म्हणाले, नाना थकले. घड्याळ जुनं झालं. नानांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्यानंतर एकाही लग्नात त्यांनी वेळ सांगितली नाही.

मला फार लागलं ते. माझ्यापायी त्यांचा मान गेला. पुढे एका लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसून मी म्हटलं, "नाना, माझ्यासाठी एवढं करायला नको होतं."

नानांनी जिलबी संपवली, हात पुसला.

"एकदा खोटं सांगितलं, मग परत विचारणाऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू? ते बरोबरच झालं. पण एक सांगतो गो. इतकी वर्षं सगळ्या लग्नात मी काटाच बघत होतो. तुझ्या लग्नात तुझा मामा आल्यावर वर बघितलं, तर हार घालताना तुझं तोंड दिसलं. आता मी मस्त पुढं बसतो आणि पोरींची तोंडं बघतो."

नाना, तुमची पुतणी म्हणून जन्माला आले, पुष्कळ झालं.
सुखाने जा. नमस्कार करते.