चौदाव्या रकान्यातलं ‘नाही’

राज्यशास्त्र विभागात तीन प्राध्यापक, दोन कपाटं आणि एक टायपिस्टबाई. विभाग कोण चालवतं असं विचारलंत तर कपाटंसुद्धा बाईंकडे बोट दाखवतील. सव्वीस वर्षं तीच खिडकी, तीच खुर्ची. खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली घडी घातलेली जुनी प्रश्नपत्रिका.

दर वर्षी विभागाची सहल पलीकडच्या देशात जायची. पाच दिवस. विषय भारदस्त: ‘शेजारी राष्ट्रांचे परस्परसंबंध’. वीस पोरंपोरी तिकडच्या कॉलेजात चार व्याख्यानं ऐकायची, फोटो काढायची, परत येऊन अहवाल लिहायची. जाण्याआधी अर्ज बाई भरायच्या, आल्यावर अहवाल बाई टाइप करायच्या. मधले पाच दिवस त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या, कारण पलीकडे त्यांची थोरली बहीण दिली होती.

ताईचं लग्न झालं तेव्हा सीमेवर नुसता बांबू आडवा होता. वऱ्हाड त्याखालून वाकून गेलं. पुढे बांबूची तार झाली, तारेची भिंत झाली. एकतीस वर्षांत भेट नाही, फोनवर आवाज तेवढा. परवान्यासाठी बाईंनी दोनदा अर्ज केला, दोन्ही उत्तराविना मेले. सीमा आखणाऱ्यांच्या बहिणी पलीकडे दिलेल्या नसतात, म्हणून तर त्यांची रेघ इतकी सरळ येते.

सहलीच्या अर्जात चौदावा रकाना होता: ‘शेजारी देशात नातेवाईक आहेत काय?’ एका वर्षी एका सरळमार्गी मुलीने ‘मामा’ लिहिलं. चौकशी लागली, सात महिने गेले, अख्ख्या वर्गाची सहल बुडाली. बाईंनी कानाला खडा लावला. तेव्हापासून सगळ्या अर्जांवर ‘नाही’ आधीच छापून ठेवायच्या. पोरांनी फक्त सही ठोकायची.

निवृत्तीला चार महिने उरले होते तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, “बाई, यंदा मुली अकरा आहेत. सोबत बाईमाणूस लागेल. येता का?”

“बघते,” म्हणाल्या, आणि सर वळायच्या आत गठ्ठ्यातला अर्ज ओढून सही करून मोकळ्या झाल्या. चौदा नंबरवर नजर गेली तेव्हा शाई वाळली होती. खोडावं तर चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत निवृत्ती. जाऊ दे. पाच दिवसांत कोण विचारतंय?

ताईला फोन केला. तिसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजच्या फाटकाशी भेटायचं ठरलं.

“ओळखशील का गं मला?” ताई म्हणाली.

“न ओळखायला काय झालं? तोंडाचा पट्टा चालूच असेल तुझा.”

“मग मी गप्प उभी राहते. बघूच ओळखतेस का.”

तिसऱ्या दिवशी व्याख्यान संपवून सगळे फाटकाकडे निघाले. बाईंनी लांबूनच ओळखलं. वाळलेली, पांढऱ्या केसांची एक बाई पहारेकऱ्याच्या टेबलाशी उभी होती, वजन डाव्या पायावर टाकून, अगदी आईसारखी. सहा तास बसने आली होती. पहारेकऱ्याने वही पुढे केल्यावर तिने ‘नातं’ या रकान्यात ठसठशीत लिहिलं होतं: सख्खी बहीण. लपवायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. बाईंनाही सुचलं नव्हतं. सगळ्यांच्या कागदांची काळजी करणारी बाई, घरच्या माणसाला सांगायला विसरली.

गटासोबत नेमलेल्या सरकारी माणसाने वही पाहिली, मग हातातली यादी. “तुमच्या अर्जात तर नातेवाईक नाही लिहिलंय. खोटा अर्ज म्हणजे पूर्ण गट आजच परत. आणि पुढे तुमच्या कॉलेजला प्रवेश बंद.”

सर जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, “बाई, काय ते नीट बोला.”

मागे वीस पोरं. त्यातल्या कितीजणांचे अर्ज असेच, हे एकट्या बाईंना ठाऊक.

“मी ओळखत नाही यांना,” बाई म्हणाल्या.

ताईने एकदाच बघितलं. मग टेबलावरचं पेन उचललं आणि आपलं लिहिलेलं आपणच खोडलं. “चुकलं माझं,” ती पहारेकऱ्याला म्हणाली. “म्हातारीचे डोळे. लांबून वाटलं आपलीच आहे.”

पिशवी काखेत मारून ती निघाली. बाई तिच्या चपलांकडे बघत राहिल्या. पोरं आइस्क्रीमच्या गाडीकडे पळाली होती.

परत आल्यावर अहवाल टाइप करायचा होताच. पान नऊवर एका हुशार विद्यार्थ्याने लिहिलं होतं: ‘दोन्ही देशांच्या जनतेत कमालीचा जिव्हाळा आढळला.’ बाईंनी ते काना-मात्रेची चूक न करता टाइप केलं.

ताईचे फोन येत राहिले. गुडघे, पाणी, सुनेचं माहेर. फाटकाचा विषय दोघींनी काढला नाही. एकदा तेवढं ताई म्हणाली, “जाड झालीयस गं तू.” बाईंना फोन ठेवावा लागला.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी परवान्याचा तिसरा अर्ज घातला. त्यातही चौदा नंबरला तोच प्रश्न. हाताने लिहिलं: ‘आहे. थोरली बहीण.’

या खेपेला चौकशी आली, पण दीड वर्षाने. चौकशीवाला खुर्चीच्या टोकावर बसला. “बहिणीचा पत्ता तोच ना?”

“गेल्या महिन्यात गेली. भाच्याचा फोन आला होता.”

तो पेन काढत म्हणाला, “मग इथं ‘नाही’ करावं लागेल, आजी.”

बाईंनी कागदावर तळहात ठेवला. “‘नाही’ माझं एकदा लिहून झालंय. तेव्हा ती होती. समोर उभी होती.”

“साहेब खोडतील.”

“खोडू देत त्यांना. माझ्या घरात बसून नको.”