बेलमधून बोलणाऱ्या बाई

अमेरिकेतल्या प्लेनो शहरात आमच्या समोरच्या घरात एक अमेरिकन बाई एकट्याच राहतात. वय पंच्याहत्तरीच्या आसपास. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा दुसऱ्या राज्यात. त्यांच्या खिडक्या दिवसाही बंद असत आणि आत टीव्हीवर सतत बातम्या चालू. कुठे गोळीबार झाला, कुठे घर फोडलं, कुठे कोण बॉर्डर ओलांडून आत आलं. दार तर त्या उघडतच नसत. बेल वाजवली की बेलमधल्या स्पीकरवरून विचारायच्या, काय हवंय. आमच्याकडे चुकून आलेलं त्यांचं पार्सल द्यायला मी गेले, तेव्हाही ‘तिथेच ठेवा, थँक यू’ एवढंच ऐकू आलं. मला राग आला होता. आपला रंग बघून असं वागतात, असं मी नवऱ्याला म्हणाले.

मग नागपूरहून आई आमच्याकडे राहायला आली. आम्ही दोघं दिवसभर कामात, मुलगी शाळेत, तिला बोलायला कुणी नाही. दुपारी ती एकटीच कॉलनीत चक्कर मारायची. एकदा वारा सुटला होता, त्यात त्या बाईंच्या दारापुढची कुंडी आडवी झालेली तिला दिसली. तिने ती उभी केली आणि सांगावं म्हणून बेल वाजवली. बेलमधून इंग्रजीत प्रश्न आला, आईने मराठीत उत्तर दिलं. त्यावर त्या आणखी काहीतरी बोलल्या, मग आई बोलली. घरी आल्यावर मला म्हणाली, ‘एकटी आहे गं ती. आवाजावरून कळतं.’

मी घाबरले. इथे लोकांच्या घरात बंदुका असतात, अनोळखी दारात उभं राहिलेलं त्यांना खपत नाही, असं मी तिला परोपरीने सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. नंतर ते रोजचंच झालं. मी वर्क फ्रॉम होम असले की वरच्या खिडकीतून बघायचे, आई बंद दाराशी हातवारे करत बोलतेय. काय बोलतेस विचारलं तर म्हणायची, भाजी काय केली ते सांगितलं. दार मात्र कधी उघडलं नाही.

एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना आई धापा टाकत जिना चढून आली. म्हणाली, ‘चल लवकर. आज तिचा आवाज बरोबर नाही.’

कॅमेरा ऑफ करून मी तशीच पळाले. बेलपाशी तोंड नेऊन विचारलं तेव्हा कळलं, त्या सकाळीच किचनमध्ये पडल्या होत्या. उठता येत नव्हतं. बेलला जोडलेला फोन हातात होता, त्यावरूनच त्या बोलत होत्या, तरी त्यांनी कुणालाही बोलावलं नव्हतं. मी ॲम्ब्युलन्सचं नाव काढल्याबरोबर ‘नको, ते दार फोडतील’ म्हणाल्या. दार मोडलं आणि आपण हॉस्पिटलमध्ये अडकलो तर घर उघडं पडेल, या भीतीने त्या इतका वेळ फरशीवर पडून होत्या.

गॅरेजचा कोड सांगा, म्हणजे दार फोडायला लागणार नाही, असं मी म्हणाले. आई माझ्याकडे बघत होती. मग हळूच आवाज आला, ‘जवळ या. मोठ्याने नाही सांगणार.’ मी बेलला कान लावला आणि त्यांनी एकेक आकडा कुजबुजत सांगितला.

मी तिथूनच ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि आम्ही गॅरेजमधून आत गेलो. फ्रिजपाशी त्या आडव्या पडल्या होत्या, पाय विचित्र वळलेला. आईचे गुडघे दुखतात, तरी ती खाली फरशीवर बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच त्या दोघी एकमेकींना समोरासमोर बघत होत्या. पुढचं दार उघडून ठेवायला मी निघाले तेव्हा त्या मला म्हणाल्या, दाराशेजारच्या टेबलाच्या खणात पिस्तूल आहे, येणाऱ्या लोकांना आधी सांगा, ते दचकायला नकोत. मी कड्या काढल्या, साखळी काढली. खण उघडला नाही. रोज दुपारी आई ज्या जागी उभी असायची, तिथून तो खण हातभर अंतरावर होता.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पुढे बरेच दिवस रिहॅबमध्ये, म्हणजे पुन्हा चालायला शिकवणाऱ्या केंद्रात, काढावे लागले. मुलगा येऊन भेटून गेला. आई डब्यात मऊ खिचडी भरून घ्यायची आणि संध्याकाळी मी तिला ड्राइव्ह करून तिकडे न्यायचे. तिथेही टीव्हीवर बातम्याच असत. एकदा आमच्यासारख्या वर्क व्हिसावरच्या लोकांबद्दल काही चाललं होतं. त्या दिवसांत माझ्या कंपनीत लेऑफ सुरू होते. घरी त्याबद्दल आम्ही दोघं आईच्या मागे, हळू आवाजात बोलायचो. बाईंनी रिमोट उचलून आवाज बंद केला आणि मला विचारलं, ‘तुम्हाला परत पाठवतील का?’

इतक्या सरळपणे हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, माहीत नाही. नोकरी गेली तर नवी शोधायला फार दिवस मिळत नाहीत, घराचं, मुलीच्या शाळेचं काय करायचं तेही ठरलेलं नाही. आई विचारत होती, काय म्हणतेय ती, आणि मला तिला सांगता येईना.

बाईंनी रिमोट बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, ‘मला वाटायचं, या गल्लीत मीच एकटी घाबरते.’

आईने डब्याचं झाकण उघडून चमचा त्यांच्या हातात दिला आणि खुणेनेच सांगितलं, गरम आहे तोवर खा.