साटा आणि आमचे दाजी

लाकडावर काडीचाही विश्वास नसलेला आणि तरीही लाकडाशिवाय दुसरा विचार डोक्यात नसलेला माणूस उभ्या हैदराबाद संस्थानात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. आमचे दाजी ठाणाकुशनूरचे. धंदा शेतीचा, पण जीव सगळा दुसऱ्यांच्या बैलगाड्यांत. गाडीचा साटा, म्हणजे चाकांवर बसवलेली ती लाकडी चौकट, जिच्यावर माणसं बसतात, छप्पर उभं राहतं आणि लांबच्या वाटेवर संसार झोपतो, तो तपासल्याशिवाय गावातली गाडी वेशीबाहेर पडत नसे. जत्रेच्या आधी दाजींच्या दारापुढं छपराच्या गाड्यांची रांग लागे. दाजी धोतर खोचून गाडीखाली शिरत, बोटाच्या पेराने दांड्या वाजवत, कान लावून डोळे मिटत. सांध्यांवर चुन्याचं पाणी ओतून भेग कुठं उमटते ते बघत. मग गावातले पाच जाडजूड गृहस्थ गाडीत बसवून हलायला सांगत आणि आपण खाली उताणे पडून साटा कुठं कुरकुरतो ते ऐकत. त्या पाचांत पाटील असत. त्यांना त्याचा अभिमानही वाटे.

हे गाड्यांपुरतं राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण दाजी लग्नाला गेले की मांडवाचा खांब हलवून बघत, पाहुणे म्हणून निजायला गेले की आधी बाजेखाली शिरत. माझ्या लग्नात त्यांनी बोहल्यावरचा पाट उलटा करून वाजवला, भटजी मंगलाष्टकं थांबवून बघत राहिले. निजामाचं राज्य जाऊन नवे तहसीलदार जीपमधून गावात आले, तेव्हा सगळे हार घेऊन उभे आणि दाजी जीपखाली. बाहेर येऊन म्हणाले, "लोखंड हाय. बोलत न्हाई. न बोलणाऱ्याचा भरवसा धरू नका." तहसीलदार पोट धरून हसले.

त्यांची स्वतःची गाडी मात्र कुणी जोडलेली पाहिली नाही. चाकं गोठ्यात, साटा अंगणात, जू माळवदावर. दुरुस्ती चालू आहे, असं ते वर्षानुवर्षं सांगत.

पंचमीला मी आमच्या निर्ण्याहून मुराळी म्हणून अक्काला माहेरी न्यायला जाई. दोन दिवसांची वाट. मोटार होती, पण ती सडकेवरच्या गावांना. आमच्या गावांना तिची धूळही दिसत नसे. मी पोचलो की दाजी गूळपाणी देत आणि माझ्या गाडीखाली शिरत. बराच वेळ ठकठक चाले. मग बाहेर येऊन, हात झटकत, खाली मान घालून म्हणत, "साटा कच्चा हाय, अप्पा. असल्या गाडीत बाईमाणूस धाडणार न्हाई मी." एवढ्या गाड्या ते पास करत, पण अक्काला नेणारी एकही गाडी त्यांच्या परीक्षेत कधी उतरली नाही. गावाला कारण ठाऊक होतं. मूल नाही, बाळ नाही. अक्का नसली की दाजींना घर खायला उठे, आणि 'तू जाऊ नको' एवढे शब्द काही तोंडातून निघत नसत. ते काम बिचाऱ्या साट्याला करावं लागे. अक्का गालातल्या गालात हसे आणि बांधलेलं गाठोडं सोडून ठेवी. मी रिकामी गाडी घेऊन परत येई. आमची आई, जिला आम्ही अव्वा म्हणत असू, दारात उभी असे. "औंदा बी न्हाई?" एवढंच विचारून आत जाई.

मग अव्वा अंथरुणाला खिळली. तिच्या तोंडी अक्काचंच नाव. पंचमी लांब होती, पण मी गाडी जुंपून निघालो. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि सवयीने गाडीखाली शिरले. या खेपेला लवकर बाहेर आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, साट्याच्या मधल्या आडव्या लाकडाला भुंगा लागलाय, आतून पोकळ आहे. रात्रभर थांबा, मी माझी गाडी जोडून देतो.

अक्का गाठोडं घेऊन उभी होती. तिने पहिल्यांदाच त्यांना सरळ विचारलं, "आज तरी खरं सांगायलाव का?"

"खरंच सांगायलोय गं. आज खरंच कच्चा हाय."

अक्काने त्यांच्याकडे बघितलं. मग गाडीत चढून बसली. तिच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. दाजी आमच्याबरोबर निघाले, पण गाडीत बसले नाहीत. साट्याला हात लावून, बैलांच्या चालीने, सबंध वाट चालत राहिले. भालकीच्या अलीकडच्या ओढ्यात साटा मधोमध मोडला. अक्काला त्यांनी पडू दिलं नाही, स्वतःचा खांदा लावला. सुतार मिळून आडवं बदलेपर्यंत दिवस गेला. तेवढा वेळ दाजी ओढ्याकाठी डोक्याला हात लावून बसून होते. मी म्हणालो, दाजी, तुम्ही बरोबर होता. ते म्हणाले, "इतकी वर्सं खोटं बोललो रे अप्पा. मग माझं खरं तिनं कामून मानावं?"

आम्ही निर्ण्यात शिरलो तेव्हा अव्वाला माती देऊन लोक परतत होते.

अक्का त्यांना एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. दाजींनी गाड्या तपासणं सोडलं. कुणी गाडी दारात आणलीच तर म्हणत, ऐकू येत नाही आताशा.

पुढच्या पंचमीला मी मुराळी म्हणून निघायच्या आतच दारात गाडी थांबली. दाजींनी आपली गाडी जोडली होती आणि अक्काला स्वतः घेऊन आले होते. अक्का उतरली, उंबऱ्याशी आली आणि तिथंच थबकली. आतून हाक आली नाही. दाजी बैलांपाशी उभे होते. घसा खाकरून म्हणाले, "राहा की गं. दिवाळीपत्तूर राहा."

अक्का मागं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"कुणापाशी राहू?" तिने विचारलं.