पालीला जाणारी पापलेटं

धाकूने म्हातारपणी पालीत बाई ठेवलीय, अशी पूर्णगडात कुजबूज होती. सांगणाऱ्यांनी बाईचं घर, अंगणातली अबोलीसुद्धा पुरवली होती. अशा कामात आपलं गाव कंजुषी करत नाही.

सावित्रीने नवऱ्याबद्दलचं हे ऐकून कानाआड केलं असतं, पण पापलेटांचं काय? चाळीस वर्षं जाळी ओढलेला धाकू दर बुधवारी होडीवरची मोठी पापलेटं निवडायचा आणि दोन एसट्या बदलून पाली गाठायचा. घरात बांगडा! नवरा जातो तो जातो, वर पापलेटंही? एका बुधवारी ती मागच्याच गाडीने निघाली.

अंगणात अबोली होतीच. ओटीवर दर्शनाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या शिक्षिका. समोर मांडी घालून धाकू.

"रिकामी जागा रिकामी नसते, धाकूभाऊ," बाई सांगत होत्या. "कणांची जोडी उमटते, लगेच एकमेकांत मिटते. पण विश्वाच्या अगदी सुरुवातीला जागाच इतक्या वेगाने ताणली गेली, की—"

"थांबा बाई. दोन होड्या लगटून हायत. एकाने विडी पुढे केली. वल्हं कोणी मारलं नाय, मधला समुद्रच वाढला. हात पोचेना." धाकूने हात लांब करून दाखवला. "म्हंजे मिटायचं राहूनच गेलं?"

"राहून गेलं. त्या न मिटलेल्या, ताणलेल्या लहरींवरच पुढे तारे जमले, आकाशगंगा जमल्या."

धाकू आपल्या तळहाताकडे बघत राहिला. भांडायला आलेली सावित्री खांबाला टेकली. तिलाही आपला हात अनोळखी वाटला. बांगडी, कातडी, समुद्र, समोरची ही सवत, सगळं त्या हुकलेल्या भेटीतून?

"अवो," ती शेवटी म्हणाली, "हे मना घरी सांगितलं असतंत, तर जीभ झडली असती?"

धाकू दचकला. "आपली वेदिका पुण्यात हेच शिकते गो. फोनवर म्हणाली, बाबा, तुम्हांला नाय कळायचं. शिमग्याला येईल तेव्हा एक तरी प्रश्न तिला नीट विचारायचाय."

शिमग्याला लेक आली. जेवताना धाकूने दोन होड्या सांगितल्या आणि विचारलं, "समुद्र वाढला तो कोणाच्या जोरावर?"

वेदिकाचा घास हातातच राहिला. "बाबा, हे अजून कोणालाच नीट ठाऊक नाही."

ताटात पापलेट निवत होतं.

पालीतली बाई शिकवणारी होती. धाकू मुलीचा अभ्यास समजून घ्यायला जात होता आणि फी म्हणून मासे देत होता.