मोनोचं बटण

फोन तळमजल्यावरच्या पाटकरांकडे आला. आमच्याकडे फोन नव्हता. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तो होताच मुळी दोघातिघांकडे. पाटकरवहिनी जिना चढून वर आल्या आणि दारातच थांबल्या. "तुमच्या ह्यांच्या ऑफिसातून आहे... खाली या," एवढंच म्हणाल्या. मी गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि जिना उतरता उतरताच काय ते समजलं. हे ऑफिसात टेबलाशी बसल्या बसल्याच गेले. आता दीड महिना होत आला. लोक येऊन गेले, "फार शांत माणूस हो" असं ज्याने त्याने सांगितलं, आणि चहाचे कप विसळून विसळून मी दमून गेले. शांत माणूस म्हणे! शांत माणसाबरोबर संसार करून बघा एकदा.

लग्नानंतर पहिली काही वर्षं मी भरपूर बोलायचे. मग कमी बोलायला लागले, कारण उत्तरच यायचं नाही. जेवायला मी त्यांच्या डाव्या हाताला बसायची, तिथून ओटा जवळ पडायचा. मी काहीतरी सांगत असायची आणि हे भात कालवत असायचे. एकदा चेंबूरला माझी आई आजारी होती. डॉक्टर काय म्हणाले ते मी जेवताना सगळं सांगितलं, सांगताना रडलेही, आणि हे मान वर न करता म्हणाले, "आमटी आहे का अजून?" मी आमटी वाढली. पण त्या दिवसापासून माझं मन उठलं ते उठलंच. शेवटी चेंबूरलाच आईजवळ राहणाऱ्या धाकट्या भावाला, नंदूला, सांगितलं की मी तुझ्याकडे राहायला येते, किती दिवस ते विचारू नकोस. तो म्हणाला, "ताई, घाई करू नकोस. रविवारी येतो, भावोजींशी बोलतो."

ह्यांना नाद एकच, गाण्याचा. तेव्हा नुकताच हौसेने स्टिरिओ घेतला होता. एक स्पीकर खिडकीशी, एक दाराशी, आणि समोर ह्यांची वेताची खुर्ची. पण आणल्यापासून तक्रार सुरू, डावीकडचा, म्हणजे खिडकीकडचा, स्पीकर बसलाय, आवाज कमी येतो. वायरी बदलून झाल्या, पिना घासून झाल्या. स्पीकर रिक्षात घालून दुकानात नेला, तर दुकानदाराने ठणठणीत म्हणून परत दिला. मग मी फडकं मारताना धक्का लावला असेल, असंही बोलून झालं. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा करायचं जे बॅलन्सचं बटण असतं, ते ह्यांनी पार डावीकडे फिरवून ठेवलं होतं. घरात आलेला माणूस विचारायचा, दाराकडचा बंद का हो?

रविवारी नंदू आला तो माझ्याबद्दल बोलायला, पण ह्यांनी त्याला चहाही न घेऊ देता स्टिरिओपुढे बसवलं. नंदू एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करायचा. त्याने आधी बॅलन्सचं बटण मध्यावर आणलं आणि म्हणाला, "भावोजी, सोपं आहे. दोन स्पीकरच्या वायरी मागून आलटून पालटून लावू. दोष दाराकडे गेला तर मशीन बिघडलंय. खिडकीकडेच राहिला तर स्पीकर." वायरी बदलल्या. "खिडकीकडचाच कमी," हे म्हणाले. मग स्पीकरचे खोकेच उचलून इकडचे तिकडे केले. "खिडकीकडचाच." नंदू मला म्हणाला, "ताई, वाट लागली गं. मला तर दोन्ही झकास ऐकू येतायत." मलाही येत होते. त्याने एकदा ह्यांच्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाला, "भावोजी, एक करा ना. खुर्ची फिरवून पाठ करून बसा." हे बसले. गाणं चालूच होतं. "आता?" नंदूने विचारलं. ह्यांनी दाराकडे बोट केलं. "आता तो बसला," म्हणाले... आणि बोट तसंच राहिलं.

माझ्या हातात पोळ्यांची परात होती. ह्यांनी हळूच उजव्या कानावर तळहात दाबून धरला, थोड्या वेळाने काढला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू ह्या बाजूला बसतेस ना गं जेवताना?"

डाव्या कानाची नस गेली होती. लहानपणी तो कान वाहायचा म्हणे. डॉक्टरांनी उपाय नाही म्हणून सांगितलं. मी चेंबूरला गेले नाही. टेबलाशी माझी खुर्ची उजवीकडे आली, रस्त्याने मी उजवीकडून चालू लागले, आणि आईचं सगळं पुन्हा एकदा सांगितलं. ते त्यांनी जेवण थांबवून ऐकलं. पण म्हणून माणूस बोलका झाला असं समजू नका. उजव्या कानाने ऐकूनही उत्तर न देण्याची कला ह्यांना चांगली अवगत होती. पुढेही मी चिडले, ओरडले, थकले. फक्त एवढं झालं की मी त्यांना नको आहे, असं पुन्हा कधी वाटलं नाही.

त्या रविवारी निघताना नंदूने स्टिरिओवरचं एक बटण खाली दाबलं होतं. "हा मोनो. स्टिरिओत तबला एकीकडून, गाणं दुसरीकडून. मोनोवर दोन्हीकडून सगळंच येतं. तुमचं काही सुटणार नाही." हे म्हणाले, "मग हिला?" नंदू हसला, "तुम्ही उठलात की बटण वर करा, ताईला स्टिरिओ!" तो थट्टेत बोलला. ह्यांनी मात्र ते धरून ठेवलं. सकाळी ऑफिसला निघण्याआधी थोडं गाणं ऐकायचे आणि उठताना आठवणीने बटण वर करायचे. मी म्हणायची, "अहो, मला कुठे कळतोय त्यातला फरक?" आणि खरं तर दुपारी मी कधी ते मशीन लावलंच नाही. स्वयंपाक, धुणं, मग जरा पडायचं... राहूनच गेलं.

परवा घर रिकामं झाल्यावर पहिल्यांदा लावलं. बटण वर होतं, ह्यांनी त्या शेवटच्या सकाळी ठेवलेलं. खिडकीकडून तबला आला, दाराकडून गाणं. फरक मला कळला. मी खूप रडले. मधे त्यांची खुर्ची होती, आणि मी सवयीने तिच्या उजवीकडे बसले होते.