आठ महिन्यांत घरपोच

आमच्या ग्रुपकडे खेळ कमी आणि खेळांचे किस्से जास्त आहेत. खेळ येत नाहीत, म्हणून किस्से साठत जातात!

आम्ही चौघं बोर्डगेमवाले. दर रविवारी दुपारी तीन वाजता जरीपटक्यात मोटवानीच्या कापड दुकानावरच्या गोदामात जमतो आणि ताग्यांच्या मधोमध सतरंजी टाकून बसतो. मोटवानी, बुटीबोरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा मंगेश, शाळेत गणित शिकवणारे रामटेके सर आणि मी. मी डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर दातांचं माप पाठवतात, मी कवळ्या आणि कॅप बनवते.

आमचं व्यसन एकच. इंटरनेटवर कुणीतरी अजून न बनलेल्या खेळाचं सुंदर चित्र टाकतो. जगभरातले आमच्यासारखे उतावळे आधीच पैसे भरतात, त्या पैशांतून खेळ बनतो आणि घरी येतो. म्हणजे यायला हवा. याला क्राउडफंडिंग म्हणतात. आमच्या घरचे वेगळं काहीतरी म्हणतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

०००

पहिला मान मोटवानीचा. त्यानं समुद्री लढाईचा एक खेळ बुक केला. वर्षभरानं हे एवढं खोकं आलं! आत चाळीस खलाशी, सहा जहाजं आणि एक ऑक्टोपस. बोर्ड नाही, पत्ते नाहीत, नियमांचं पुस्तक नाही. खेळाच्या आधी त्याची पुरवणीच येऊन पोचली होती. विचारणा केली तर उत्तर आलं, मुख्य खेळ दुसऱ्या जहाजात आहे.

"म्हणजे लगन झालंच नाई, अन् आहेर येऊन पडला!" मंगेश म्हणाला.

ते दुसरं जहाज अजून कुठल्याच बंदराला लागलेलं नाही. मोटवानीनं वैतागून सगळे खलाशी दुकानाच्या शोकेसमध्ये साड्यांच्या पायाशी मांडले. एका बाईनं साडी बघता बघता विचारलं, "याच्यावर हा ऑक्टोपस फ्री हाय का?"

"बहनजी, दोन साड्या घ्या," मोटवानी म्हणाला, "जहाजपण देऊन टाकतो!"

अशी दोन जहाजं गेली.

०००

आता बाबांबद्दल सांगायला हवं. रामटेके सरांचे वडील हे आमच्या ग्रुपचे पाचवे मेंबर. त्यांनी आयुष्यभर छापखान्यात शिशाच्या सुट्या अक्षरांचे खिळे जुळवले. उलटं अक्षर बोटांनी ओळखायचे. जुळवलेला मजकूर सुतळीनं बांधायचा आणि सुतळी दातानं तोडायची, अशी सवय. त्यानं पुढच्या एका दाताला खाच पडली होती. त्यांचे दात काढण्याआधी घेतलेलं माप माझ्याकडेच आलं आणि कवळीही मीच बनवली, म्हणून मला ती खाच ठाऊक. डाव टाकला की मात्र बाबा आम्हाला जिंकू देत नसत. अजिबात नाही.

मग त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजरही हळूहळू जाईल. त्याच आठवड्यात सरांना इंटरनेटवर चराईचा खेळ दिसला. गायी-बकऱ्या शेतांमधून वाट काढत नदीवर न्यायच्या. बोर्ड उठावाचा, सोंगट्या लाकडी, सगळं हातानं ओळखून खेळता येणारं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आठ महिन्यांत घरपोच.

"आठ मैने ना?" बाबा म्हणाले. "तेवढे पुरतात डोये. एक डाव नजरेनं पाहून घेतो, मंग बोटं सांभायतात."

आम्ही तिथल्या तिथे पैसे भरले. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कवळी घासता घासता मी फोन बघायची. कॅप भट्टीत टाकली की फोन बघायची. आठ महिने आणि बाबांचे डोळे, दोन्ही एकदमच संपत होते.

०००

खेळ बनवणारा तसा सज्जन माणूस. दर महिन्याला पत्र पाठवायचा. प्रत्येक पत्राची सुरुवात एकच, "तुम्हाला कळवताना अतिशय आनंद होतो." आणि त्याच्या खाली कधीही आनंदाची बातमी नसायची! एकदा लाकूड ओलं निघालं. एकदा कारखान्याला सुट्ट्या लागल्या. मग त्याचं लग्न झालं, त्याचे फोटो आले. मग मुलगा झाला, त्याचे फोटो आले. मुलाचा पहिला वाढदिवस झाला, त्यात केकवर आमच्या खेळातली गाय!

रामटेके सर कधी चिडत नाहीत. त्या दिवशी त्यांनी फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, "त्याचं पोट्टं चालाले लागलं, पन गाय काई जाग्यावरून उठून नाई राहिली."

बाजूला बाबा पेपर डोळ्यांना चिकटवून बसले होते. आता फक्त मथळे दिसत होते त्यांना. "आला का गा?" त्यांनी विचारलं.

"रस्त्यात हाय, बाबा," सर म्हणाले.

०००

मंगेशच्या घरी दिवसभर कुणी नसतं, म्हणून त्यानं आपल्या भुताखेतांच्या खेळाचं पार्सल कारखान्याच्या पत्त्यावर मागवलं. स्वतः स्टोअरवाला, मग कशाला चिंता? पण पार्सल आलं त्या दिवशी स्वारी रजेवर!

गेटवर नोंद झाली, "प्लास्टिक पार्ट, एकशे वीस नग." तिथून नियमाप्रमाणे क्वालिटीकडे. क्वालिटीवाला नवा आणि अतिशय प्रामाणिक. त्यानं एकेक सांगाडा मोजला. त्याचं ड्रॉइंग शोधलं, ते मिळालं नाही. मग सगळ्या भुतांवर लाल स्टिकर लावले, रिजेक्टेड! मंगेश कामावर परतला तोवर माल पाठवणाऱ्याकडे परत निघाला होता. कारण लिहिलं होतं, "एकही पार्ट मशीनला बसत नाही."

"दोन वर्सं वाट पायली," मंगेश कपाळाला हात लावून म्हणाला, "अन् आमच्या डिपार्टमेंटनं जिंदगीत पयल्यांदा टायमावर काम केलं!"

बाबांचं पार्सल माझ्या लॅबवर, माझ्याच हातात येईल, असं त्याच दिवशी ठरलं.

०००

आता माझा गुन्हा. माझं माहेर नरखेड तालुक्यातलं, घरची संत्र्याची बाग. दुसऱ्याच एका माणसानं संत्र्याच्या बागेवर खेळ काढला होता. मला राहवेना. मी त्याचे नियम काकांना वाचून दाखवले. काका भडकले.

"झाडाले ताण नाई देला, अन् बहार आला कसा वं? पानी तोडल्याबिगर झाड फुलते का? लिही त्याले!"

मी लिहिलं. बहारासाठी झाडाचं पाणी आधी कसं तोडतात, किती दिवस तोडतात, सगळं साग्रसंगीत लिहिलं. चार दिवसांनी त्याचं पत्र सगळ्या जगाला गेलं. "भारतातल्या एका खऱ्या बागायतदार कुटुंबाच्या सूचनेमुळे आम्ही हा खेळ मुळापासून बदलत आहोत. फक्त एक वर्ष उशीर होईल." खाली लोकांनी त्या बागायतदार कुटुंबाचा असा उद्धार केला की मी फोनच बंद करून ठेवला.

काकांना सांगितलं, तर ते खूश!

"एकच वरीस ना? आमी कलम लावून पाच वर्सं थांबतो. लोकायले काहून एवढी घाई वं?"

घाई मलाच होती. कुठल्याही खेळाला उशीर झाला की मला बाबांचे डोळे आठवायचे.

०००

आठ महिन्यांचे तीस झाले. एका रविवारी बाबा सरांचा हात धरून, एकेक पायरी चाचपत जिना चढले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता आला तरी पाहाचं काई राहिलं नाई. पन आला का?"

"आला!" मोटवानीच्या तोंडून निघून गेलं. "कस्टमवाले अडवून बसलेत. पुढच्या संडेला पक्का मिळतो!"

आम्ही तिघं त्याच्याकडे बघतच राहिलो. असं काही ठरलं नव्हतं. पण शब्द गेला होता आणि हातात सात दिवस होते.

मोटवानीनं कापडं कापली. नांगरलेल्या शेताला कॉर्डरॉय, गवताला मखमल, नदीला साटीन, टेकडीला पोतं. मंगेशनं जाड दोऱ्याचे बांध शिवून आणले. सोंगट्या माझ्याकडे आल्या. मला सुचेना! शेवटी लॅबच्या फडताळातला हाताशी आला तो जुना साचा, कुणाचा ते न बघता, घेतला आणि त्यातून ॲक्रिलिकचे दात पाडले. गाय म्हणजे दाढ, बकरी म्हणजे पुढचा दात. मला दुसरं येतं काय?

रविवारी बाबांनी बोर्डवरून हात फिरवला. शेत ओळखलं, नदी ओळखली. मग एक बकरी उचलली आणि तिच्यावरून अंगठा फिरवत बसले. बराच वेळ.

"माल चांगला हाय," ते म्हणाले. "मांडा."

तो डाव बाबा जिंकले. पुढचाही जिंकले. मला मात्र दर रविवारी लाज वाटायची. न दिसणाऱ्या माणसाला आपण फसवतोय, हे काही केल्या मनातून जाईना.

०००

आणि दीड वर्षानं खरं पार्सल आलं! लॅबमध्ये सही केली आणि तिथूनच तिघांना फोन लावला.

"माळ्यावर टाका," मोटवानी म्हणाला. "बाबा खुश आहेत ना? मग कशाला बोलायचं?"

"नाई," सर म्हणाले. "मी माह्या तोंडानं सांगतो त्यायले."

रविवारी आम्ही खोकं उघडून बाबांच्या पुढ्यात ठेवलं. बोर्ड खरोखर देखणा होता. गवताची पाती वेगळी, नांगराच्या रेघा वेगळ्या, लाकूड गुळगुळीत. सर बाबांच्या शेजारी सरकून बसले.

"बाबा, जरासा हात लावून पाहा. मले तुमाले एक सांगाचं होतं."

बाबांनी लाकडी बकरी उचलली. अंगठा फिरवला. उलटी केली, पुन्हा फिरवला. दुसरी उचलली, तिसरी उचलली.

"याले खाच कुठी हाय?"

"कसली खाच, बाबा?" मी विचारलं.

"सुतळीची." बाबांनी बकरी नीट खोक्यात ठेवली आणि रिकामा हात माझ्यापुढे पसरला. "हे ठेव उचलून, पोरी. अन् माहे दात आन इकडं. आज चराले न्याचे राहिले."