शंभर दिवसांची टाकी

आमच्या कंपनीच्या फाटकाशी एक काळा फळा होता. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, 'अपघाताविना दिवस', आणि पुढचा आकडा रोज सकाळी खडूनं मी बदलायचे. टाइम ऑफिसात कारकून होते मी. चिकलठाण्यातली ती लहानशी कंपनी, चाळीसेक माणसं, त्यात बाई मी एकटीच. हजेरी, रजा आणि अपघाताचं रजिस्टर माझ्या ताब्यात.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. शहराला मात्र त्याची शुद्ध नव्हती; प्यायला पाणी नाही तिथं इमारतींवर इमारती उठत होत्या. आमच्या नव्या कॉलनीत नळ आठव्या दिवशी यायचा, तोही करंगळीएवढ्या धारेनं. आई पातेली संपली की चहाचे कपसुद्धा भरून ठेवायची. अशात मालकांनी जाहीर केलं, फळ्यावर शंभर दिवस पुरे झाले की प्रत्येकाला पाचशे लिटरची टाकी! माणसं खुळावली. बोट कापलं तर चिंधी गुंडाळून हात खिशात घालून फिरायची. ते बघून मला हसू यायचं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

सत्त्याण्णवाव्या दिवशी मामांना धूर लागला.

मामा म्हणजे तेजाबाच्या हौदावरचे कामगार. राहणार दौलताबादकडचे, वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून कंपनीचे मामा. लोखंडी माल तेजाबात बुडवून साफ करायचं त्यांचं काम. हौदाचा धूर पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन निघायचा. त्या दिवशी टँकर आला नाही म्हणून फवारा बंद होता, काम मात्र कुणी बंद केलं नाही. पिवळट तांबडा धूर दारातून बाहेर आला आणि त्याच्यामागून मामा. दाराशीच गुडघ्यांवर बसले. डोळे लालभडक, श्वास घशात अडकलेला. तासाभरानं उठले, गूळ खाल्ला, पाणी प्यायले. "काय नाय झालं. लई धूर गेला पोटात, येवढंच," म्हणाले.

दुपारी सुपरवायझर माझ्या टेबलाशी आले. फळ्याकडं बघितलं आणि गेले. पण त्यांच्यावर कशाला ढकलू? रजिस्टर कपाटात होतं, किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि टाकी मलाही हवी होती. मी कपाट उघडलं नाही. मामांना विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांचीच अळीमिळी गुपचिळी. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुबक अक्षरांत अठ्ठ्याण्णव लिहिलं.

शंभराव्या दिवशी टाक्यांसह सगळ्यांचा फोटो निघाला. त्यात मामाही आहेत, टाकीवर हात ठेवून हसणारे.

वर्षाच्या आत त्यांची छाती गेली. चार पायऱ्या चढल्या की ओठ निळे पडायचे. काम सुटलं. त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला, तेव्हा कंपनीनं उत्तर दिलं की अपघात झालाच नाही, हा बिडीचा आजार. जन्मात बिडी न ओढलेला माणूस! साक्षीला मला बोलावलं होतं. खरं सांगायचं, नोकरी गेली तर गेली, असं ठरवून निघाले. घरात कमावती मी एकटी होते, वडील अंथरुणाला खिळलेले. मामांना हे सगळं माहीत होतं, कारण रोज डबा खाताना मी तेच रडगाणं गायचे.

सुनावणीत कंपनीच्या वकिलांनी आधी माझं रजिस्टर दाखवलं. त्या तारखेचं पान कोरं. मग तो फोटो दाखवला. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मामांना विचारलं, "नोंद का झाली नाही? कारकून बाईंनी लपवली का?"

मामांनी नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. ते खरंच होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दम खात खात म्हणाले, "नाय साहेब. ताई रजिस्टर घिऊन आल्या व्हत्या. मीच नगं म्हणलो. टाकी पायजे व्हती मला."

साहेब माझ्याकडं वळले. "बाई, हे खरं आहे?"

घरून घोकून आणलेलं सगळं तोंडात होतं.

"हो," मी म्हणाले.

धक्का कशाचा बसला म्हणाल, तर माझ्याच त्या 'हो'चा. मी स्वतःला असं ओळखत नव्हते. इतकी वर्षं झाली, अजून ओळखवत नाही.

पुढच्या तारखेला दावा फेटाळला. साहेबांचं म्हणणं, कामगारानंच नोंद नको म्हटलं, मग आजार अपघाताचाच हे कशावरून?

त्याआधी, साक्षीच्याच दिवशी, सुनावणी संपल्यावर आम्ही बाहेर रिक्षा शोधत होतो. मामी त्यांचा दंड धरून चालत होत्या. त्यांनीही आत सगळं ऐकलं होतं. भर रस्त्यात, माझ्यासमोर त्या मामांवर कडाडल्या, "ताई बिचाऱ्या रजिस्टर घिऊन दारात आल्या, अन् तुम्ही नगं म्हणता? एका टाकीपायी? अवं, जिवाचं वाटोळं केलं तुम्ही आपल्या!"

मामा खाली मान घालून ऐकत राहिले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

मी त्यांना रिक्षात बसवलं. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले आणि फळ्यावरचा आकडा बदलला.